स्प्रेडशीट आणि वेब डिझाईन शिकताना इंटरनेटवर नेमकं काय शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्प्रेडशीट आणि वेब डिझाईन, दोन्ही घरी बसून शिकायचं आहे. साठ-सत्तर व्हिडिओ साठवून ठेवलेत, दोन कोर्स अर्धवट पडलेत. खरोखर उपयोगी पडतील अशा मोफत जागा कुठल्या? आधी काय शिकू? आणि प्रमाणपत्राला काही किंमत असते का?"

जागांची नावं सांगतेच. पण आधी ते साठ-सत्तर व्हिडिओ पडून का आहेत, ते बोलू. मी ही दोन्ही कामं बरीच वर्षं करते आहे, शिकवतेही. शिकणारा माणूस साहित्य मिळत नाही म्हणून अडलाय, असं माझ्या पाहण्यात फार क्वचित आलंय. साहित्य डोक्यावरून पाणी जाईल इतकं आहे. तो अडतो कारण आपल्या अडचणीला काय म्हणतात हेच त्याला ठाऊक नसतं.

एकीनं मला विचारलं होतं, "यादीत खाली गेलं की वरची मथळ्याची ओळ पळून जाते, ती बांधून कशी ठेवायची?" हेच शब्द तिनं शोधून पाहिले होते, हाती काही लागलं नव्हतं. या गोष्टीला 'फ्रीझ पेन्स' म्हणतात एवढं सांगितल्यावर अर्ध्या मिनिटात तिचं काम झालं. गंमत अशी, की काही महिन्यांनी ती स्वतःचं वेबपेज बनवत होती आणि नेमकी तीच मागणी घेऊन आली: पान खाली सरकलं तरी मेनू वर चिकटून राहायला हवा. तिथे त्याच इच्छेचं नाव 'पोझिशन स्टिकी'.

अशी वीस-पंचवीस नावं हाताशी असली की शोधणं निम्म्यानं सोपं होतं. दोन याद्या एकमेकींशी जुळवायच्या म्हणजे 'लुकअप'. महिन्यानुसार, माणसानुसार बेरजा हव्यात तर 'समइफ्स' किंवा 'पिव्हट टेबल'. एकाच खान्यात कोंबलेलं नाव आणि आडनाव वेगळं करायचं तर 'टेक्स्ट टू कॉलम्स'. बारा महिने आडवे पसरलेत ते उभे करायचे तर 'अनपिव्हट'. वेबकडे या: तीन चौकटी एका ओळीत सारख्या अंतरानं हव्यात, 'फ्लेक्सबॉक्स'. पानाचा अख्खा आराखडा आडव्या-उभ्या पट्ट्यांत बसवायचाय, 'ग्रिड'. मोबाइलवर त्याच चौकटी एकाखाली एक यायला हव्यात, 'मीडिया क्वेरी'. नाव कळलं की त्याला सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती जोडून इंग्रजीत शोधा. चांगली उत्तरं बहुतेक इंग्रजीत आहेत आणि त्यातलं इंग्रजी सोपं असतं.

ही नावं गोळा कुठून करायची? मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर एक्सेलच्या सगळ्या फंक्शन्सची वर्गवार यादी आहे, गूगल शीट्सचीही एका पानावर आहे. पाठ करायची नाही, वर्तमानपत्र चाळतात तशी एकदा चाळायची. "असं काहीतरी असतं" एवढं डोक्यात राहिलं तरी पुढे वेळेला ते आठवतं. दुसरा रस्ता चॅटबॉटचा. त्याच्याकडून थेट फॉर्म्युला मागण्याआधी "मला अमुक करायचंय, याला काय म्हणतात?" असं विचारा. यात तो फार कामाचा आहे. फॉर्म्युले देताना मात्र कधी अस्तित्वात नसलेलं फंक्शन, कधी तुमच्या आवृत्तीत नसलेला मेनू बिनदिक्कत सांगतो. म्हणून त्यानं दिलेला फॉर्म्युला आधी ज्यांची उत्तरं तुम्हाला हातानं काढता येतात अशा तीन-चार ओळींवर चालवून बघायचा.

आता नावाची ताकद जरा जवळून दाखवते. समजा, एका शीटमध्ये वस्तूंचे सहा अक्षरी कोड आहेत आणि दरांची यादी तुम्ही कुठल्याशा वेबपेजवरून कॉपी करून आणली आहे. लुकअप लावला तर सगळीकडे #एन/ए, म्हणजे 'सापडलं नाही'. डोळ्यांना दोन्हीकडचे कोड तंतोतंत सारखे दिसतात. इथे "एक्सेल लुकअप चालत नाही" असं शोधलंत तर पानंच पानं निघतील आणि तासभर जाईल. त्याऐवजी शेजारच्या रिकाम्या खान्यात 'लेन' फंक्शन लावा, ते अक्षरं मोजतं. उत्तर सहाऐवजी सात आलं, म्हणजे शेपटीला काहीतरी अदृश्य चिकटलंय. स्पेस असेल म्हणून 'ट्रिम' लावलंत, तरी सातच! इथे बहुतेक जण कंटाळून सगळं हातानं टाइप करायला बसतात. एक पाऊल आणखी टाका: 'राइट'नं शेवटचं अक्षर काढा आणि 'कोड' फंक्शनला त्याचा क्रमांक विचारा. साधी स्पेस असती तर ३२ आला असता. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये इथे १६० येतो. हा आकडा आणि 'ट्रिम' हे दोन शब्द एकत्र शोधलेत की पहिल्या एक-दोन निकालांतच उत्तर मिळतं: ही 'नॉन-ब्रेकिंग स्पेस' आहे, ट्रिम तिला हात लावत नाही, 'सबस्टिट्यूट'नं तिच्या जागी काहीच नाही असं भरा.

ही स्पेस आली कुठून? वेबपेजमधून. दोन शब्द ओळीच्या शेवटी तुटू नयेत म्हणून एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपेज ज्या भाषेत लिहितात तिच्यात, 'एनबीएसपी' लिहितात, तीच ही. मी कितीतरी दिवस तिला एक्सेलचा खोडसाळपणा समजत होते. एचटीएमएल शिकायला लागल्यावर चोर सापडला. दोन्ही विषय एकत्र शिकण्याचा असा आडवाटेनं फायदा होतो.

आता शिकवणाऱ्याची परीक्षा कशी घ्यायची ते. स्प्रेडशीटचा कोणताही कोर्स उघडलात की पहिल्या काही धड्यांत दोन गोष्टी आहेत का बघा. एक, खान्यात मजकूर आहे, संख्या आहे की तारीख, हा फरक. दोन, डॉलरचं चिन्ह, म्हणजे फॉर्म्युला खाली ओढला तरी एखादा संदर्भ जागचा हलू नये यासाठीची सोय. विंडोजवर एफ४ दाबलं की ते लागतं. या दोन्ही गोष्टी टाळून जो पहिल्याच दिवशी रंगीबेरंगी डॅशबोर्डवर उडी मारतो, त्याला नमस्कार करून पुढे जा.

पहिला मुद्दा किती गंभीर आहे बघा. एक्सेल तारीख ही संख्या म्हणून ठेवतं. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून पुढे मोजणी. त्यामुळे तारखेसारखं काहीही दिसलं की ते त्याची तारीख करून टाकतं. 'मार्च१', 'सेप्ट१' अशी नावं असलेल्या मानवी जनुकांच्या याद्या यामुळे इतक्या बिघडत होत्या, की नावं ठरवणाऱ्या समितीनं शेवटी जनुकांचीच नावं बदलली. 'सेप्ट१'चं 'सेप्टिन१' झालं. ही बातमी २०२० मधली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास १६,००० रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकडेवारीतून निसटल्या. फाइल जुन्या 'एक्सएलएस' प्रकारातली होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसते. २००७ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १०,४८,५७६ ओळींवर गेली आहे, पण जुन्या प्रकारात फाइल ठेवलीत तर जुनी मर्यादाच लागते.

मी स्वतः भाजले ती जागा वेगळी. सुरुवातीला एका व्हिडिओवरून व्हीलुकअप शिकले. कुणाचा ते राहू द्या. व्हीलुकअपला चार गोष्टी द्याव्या लागतात. चौथी दिली नाही तर ते 'अंदाजे जुळणारं' शोधतं आणि यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे असं गृहीत धरतं. व्हिडिओवाल्यानं चौथी गोष्ट गाळली होती. त्याची यादी क्रमानं लावलेली होती, त्यामुळे त्याचं उत्तर बरोबर आलं. माझी नव्हती. चूक झाली असं कुठेही दिसलं नाही, फक्त काही वस्तूंना भलत्याच ओळीतला दर लागला आणि तसंच दरपत्रक बाहेर गेलं. समोरच्यानं फोन करून हसत विचारलं, तेव्हा कळलं. तेव्हापासून कोणताही नवा शिक्षक व्हीलुकअप शिकवताना त्या चौथ्या गोष्टीवर थांबतो का, हे मी आवर्जून पाहते. 'एक्सलुकअप'मध्ये ही भानगड नाही, ते मुळातच तंतोतंत जुळणारं शोधतं. पण ते एक्सेल २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. धडा पाहून ते तिथे लिहिलंत तर #नेम? अशी चूक येईल आणि तुम्हाला वाटेल आपलंच चुकलं. म्हणून धडा सुरू करण्याआधी आपली आवृत्ती पाहून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या मदतपानांवर हे फंक्शन कुठल्या आवृत्त्यांत चालतं ते वरच दिलेलं असतं.

आणखी एक छोटी अडचण: धड्यातल्या फॉर्म्युल्यात स्वल्पविराम आहे आणि तुमचा संगणक अर्धविराम मागतोय. यात चूक कुणाचीच नसते, तो प्रादेशिक सेटिंगचा भाग आहे.

तर आता नावं. फॉर्म्युल्यांसाठी माझी पहिली जागा 'एक्सेलजेट'. तिथे नुसता फॉर्म्युला देऊन सोडत नाहीत. तो आतून कसा चालतो हे टप्प्याटप्प्यानं उलगडतात, आणि मला वाटतं शिकणं तिथेच होतं. व्हिडिओच हवे असतील तर 'एक्सेलइजफन' हे जुनं चॅनल: चकचकीत नाही, शिक्षक भराभर बोलतो, पण बहुतेक व्हिडिओंसोबत सरावाची फाइल देतो. सरावाची फाइल नसलेला स्प्रेडशीटचा व्हिडिओ म्हणजे काठावर बसून पोहणं शिकणं. लीला घरानी यांचे व्हिडिओ नीटनेटके आणि आटोपशीर आहेत; नवीन आवृत्तीत काय आलं हे कळायला उत्तम. गूगल शीट्ससाठी बेन कॉलिन्स यांची साइट. अगदी पहिल्यांदा खाना म्हणजे काय इथून सुरुवात असेल तर 'जीसीएफ लर्नफ्री'. मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरिअल' प्रकल्पात लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीत आहेत. लहान लहान धडे, शेजारी सॉफ्टवेअर उघडं ठेवून थांबत थांबत करण्यासाठीच बनवलेले. एक्सेल विकत घेतलेलं नसेल तर कॅल्कवर शिकायला काहीच हरकत नाही. बेरीज, इफ, लुकअप, पिव्हट हे सगळं तिथेही आहे. मेनूची जागा बदलते, विचार बदलत नाही.

यातलं एक मुख्य म्हणून धरा, एक अडलं की बघायला ठेवा. बाकीची नावं विसरलात तरी चालेल.

वेब डिझाईनची गोष्ट जरा वेगळी आहे, कारण तिथे साहित्य वेगळ्या पद्धतीनं शिळं होतं. दहा वर्षांपूर्वीचा पिव्हट टेबलचा धडा आजही बहुतांशी चालतो. वेबमध्ये जुनं लिहिलेलं मोडत नाही. सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत बनलेल्या जगातल्या पहिल्या संकेतस्थळाची जपून ठेवलेली प्रत आजच्या ब्राउझरमध्येही उघडते. पण पान बांधण्याची रीत पार बदलली आहे. आणि जुनी रीत चालत राहते, म्हणूनच ती जुनी आहे हे नवशिक्याला कळत नाही. खूण सांगते. धड्यात 'फॉन्ट' आणि 'सेंटर' असे टॅग, म्हणजे एचटीएमएलमधले खुणेचे शब्द, दिसले, आराखडा टेबलमध्ये बसवलेला दिसला, किंवा सगळ्या चौकटी 'फ्लोट' लावून रांगेत आणलेल्या दिसल्या, की तो धडा बंद करा. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा; तिच्यातलं ग्रिड मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्स, क्रोम आणि सफारीत जवळपास एकाच वेळी आलं. त्याआधीच्या धड्यांत ते असणार कुठून?

जुन्या धड्यानं होणारा नेहमीचा घोटाळा असा. पान लॅपटॉपवर छान दिसतं, मोबाइलवर उघडलं की अख्खं पान मुंगीएवढ्या अक्षरांत आक्रसतं. मीडिया क्वेरी लिहिलेली असते, पण ती लागूच होत नाही. कारण 'व्ह्यूपोर्ट' नावाची एक मेटा ओळ पानाच्या डोक्यात घातलेली नसते. ती नसेल तर मोबाइलचा ब्राउझर धरून चालतो की हे पान मोठ्या पडद्यासाठी आहे. ते साधारण ९८० पिक्सेल रुंदीवर मांडतो आणि मग लहान करून दाखवतो. त्याच्या लेखी पडदा रुंदच असतो, म्हणून अरुंद पडद्यासाठीचे नियम तो बघतही नाही. एक ओळ घातली की सगळं सुतासारखं सरळ. "मोबाइलवर वेबसाइट लहान दिसते" या शोधात भटकणाऱ्या कितीजणांना मी हा एकच शब्द दिला असेल!

मुख्य जागा म्हणून मी 'एमडीएन वेब डॉक्स' सांगेन. पहिल्यांदा उघडलंत तर रुक्ष वाटेल, घाबरू नका. तिथे 'लर्न' नावाचा शिकणाऱ्यांचा वेगळा विभाग आहे, तो क्रमानं वाचा. बाकीचं एमडीएन हा शब्दकोश आहे, लागेल तेव्हा उघडायचा. एखादी सुविधा सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालते का, याची 'बेसलाइन' नावाची पट्टी आता बऱ्याच पानांवर असते. त्याहून तपशील हवा तर 'कॅन आय यूज'. 'डब्ल्यू३स्कूल्स' झटपट बघायला आणि तिथल्या तिथे कोड बदलून पाहायला बरी आहे, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त वेबची मानकं ठरवणाऱ्या 'डब्ल्यू३सी'शी तिचा संबंध नाही. नावावरून अनेकांचा तसा समज होतो.

हातानं करत शिकायचं असेल तर 'फ्रीकोडकॅम्प', ब्राउझरमध्येच लिहायचं, चुकलं की तिथेच कळतं. त्याचा तोटा असा, की शंभर पायऱ्या बरोबर करूनही कोरी फाइल समोर आली की हात थबकतो. 'द ओडिन प्रोजेक्ट' याच्या उलट: वाचन जास्त, सुरुवातीलाच स्वतःच्या संगणकावर सगळी मांडामांड करायला लावतात. चिवट असाल तर ओडिन, नसाल तर फ्रीकोडकॅम्प. फ्लेक्सबॉक्स मात्र 'फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी' या खेळावर शिका, बेडकांना आपापल्या पानांवर पोचवायचं असतं. एका बैठकीत संपतो. सीएसएसवर जीव जडला तर केव्हिन पॉवेल यांचं यूट्यूब चॅनल.

आणि सगळ्यात मोठं मोफत साधन तुमच्या ब्राउझरमध्येच बसलंय, त्याचा पत्ता कुणाला विचारायला नको. कुठल्याही पानावर राइट क्लिक करून 'इन्स्पेक्ट' उघडा. आवडलेल्या पानात दोन ओळींमधलं अंतर किती, अक्षराचा आकार किती, चौकट कशी बसवली, सगळं उघडं दिसतं. तिथेच आकडे बदलून बघा. पान पुन्हा उघडलं की सगळं मूळ जागी, कुणाचं काही बिघडत नाही.

कोड आला म्हणजे डिझाईन आलं, असं मात्र नाही. इथे मी 'सीएसएस झेन गार्डन' दाखवते. २००३ सालची साइट: एचटीएमएल एकच, त्याला हात लावायचा नाही, फक्त सीएसएस बदलून वेगवेगळ्या डिझायनरांनी केलेली डझनावारी रूपं. आतला कोड आज जुना झालाय, तो उचलू नका. पण डिझाईन म्हणजे काय हे अर्ध्या तासात डोळ्यांना कळतं. रंग निवडताना 'वेबएम' (WebAIM) या साइटवरचं कॉन्ट्रास्ट तपासणारं साधन वापरा. साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक असावा, असं सुगम्यतेचे, म्हणजे दृष्टी कमी असलेल्यांसकट सगळ्यांना पान वापरता यावं यासाठीचे, नियम सांगतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं नाजूक दिसतात खरी, पण उन्हात मोबाइल धरला की वाचणाऱ्याचे हाल. बिघाड सापडत नसेल तर डब्ल्यू३सीचा व्हॅलिडेटर. न मिटलेला टॅग तो बोट ठेवून दाखवतो.

तरीही अडलात आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर अख्खी फाइल पाठवू नका. पाच ओळींचा नमुना, त्यातून अपेक्षित उत्तर, प्रत्यक्षात येणारं उत्तर आणि आवृत्ती, एवढं लिहा. खरी नावं, फोन नंबर काढून टाका. हा नमुना तयार करताना निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच दिसते आणि प्रश्न पाठवावाच लागत नाही. वेबसाठी तोच नमुना 'कोडपेन'वर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड लिहून दाखवता येतो अशा साइटवर, ठेवून दुवा द्या.

आधी काय? जे उद्या लागणार आहे ते. रोज याद्या, हिशेब हाताळत असाल तर स्प्रेडशीट, कारण सराव आपोआप होतो. तसं काही नसेल तर वेबपासून सुरू करा, केलेलं लगेच दिसतं आणि उत्साह टिकतो. दोन्ही एकाच आठवड्यात सुरू करू नका. एकात स्वतःची एक पूर्ण गोष्ट उभी राहू दे. स्वतःची म्हणजे धड्यातली नव्हे. तुमच्या खर्चाचं शीट, तुमच्या ओळखीच्या कुणाचं एक पानी संकेतस्थळ. ते 'गिटहब पेजेस'वर मोफत ठेवता येतं.

आणि ते साठ-सत्तर व्हिडिओ: यादीतून काढून टाका. लागेल तेव्हा नावानं शोधलंत की नवा आणि तुमच्या आवृत्तीचा सापडेल.

प्रमाणपत्राचं म्हणाल, तर मोफत कोर्सच्या शेवटी मिळणारा कागद मी कुणाचा तपासलेला नाही. स्प्रेडशीटसाठी 'मायक्रोसॉफ्ट ऑफिस स्पेशालिस्ट' ही खरीखुरी परीक्षा आहे, त्यात प्रत्यक्ष करून दाखवावं लागतं. एखाद्या नोकरीच्या जाहिरातीत तिचं नाव असेल तर द्या. एरवी कामासाठी माणूस समोर आला की मी एक विस्कटलेली यादी देते आणि तो पहिल्यांदा काय तपासतो ते बघते. थेट फॉर्म्युला लिहायला घेतला तर थोडी धाकधूक वाटते. तारखेच्या कॉलमवर क्लिक करून ती खरंच तारीख आहे का हे त्यानं आधी पाहिलं, तर पुढचं बोलणं कामाचंच होतं.